पाण्यातला नांगर

कयाक मालवणच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची.
नारिंगी, सव्वादहा फूट, बुडाला दोन चरे.
उद्यमनगरातून ओम्नीच्या टपावर पहिल्यांदा निघाली
तेव्हा कोपऱ्यावरचा चहावाला ओरडला,
"मालक, आंघोळीची टाकी कुठं चाललीया?"

बाकीचं मीच केलं, लेथ बंद झाल्यावर, रात्री.
गळकाठ्या रोवायला दोन इंची पाइप,
तोंड गॅसवर तापवून बाहेर वळवलेलं.
बसायला ट्रॅक्टरच्या सीटचा फोम.
मागं दुधसंघाचा क्रेट,
परत करायचा राहिलेला.
रीळ तेवढी विकतची. पाच हजारांची.
घरात दोन सांगितलेत.

आणि नांगर, तो अस्लमनं दिला.
शिरोलीच्या फाउंड्रीतलं पंपाचं झाकण,
बीड चांगलं, पण पोटात हवेचं भोक,
म्हणून लाल रंगाची फुली, म्हणून रिजेक्ट.
"पाणी काय इन्स्पेक्शन करतंय?" म्हणाला.

नांगर म्हटलं की प्रयाग चिखलीत लोक बैल शोधतात.
घाटावर धुणं आपटणाऱ्या कोंडाकाकू
दोरीला बांधलेलं ते झाकण बघून विचारतात,
"आन् पेरणार काय रं, नदीत?"

माघातली पहाट. संगमावर पाणी दिसत नाही,
नुसता धूर दिसतो, आणि धुरात मळीचा वास.
पुलावरनं उसाची ट्रॉली जाते,
तिची गाणी आधी येतात, दिवे नंतर.
मी वल्हं उचलतो.
पहिल्या दहा हातांत खांदे कुरकुरतात,
मग कुरकुर कुठं गेली कळत नाही.

शिवराम भोई माझ्या आधी तिथं असतो.
ट्रकच्या ट्यूबवर मांडी घालून,
दोन हातांत दोन चपला, त्याच वल्ही.
माझं लाइफ जॅकेट बघतो, रीळ बघतो,
रबरी बेडूक हातात घेऊन त्याचं पोट दाबतो.
"कितीला?"
"साडेतीनशे."
बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणतो, "ह्यापरास खरा बेडूक फुकट हाय की."

माझ्या उजव्या हाताला तर्जनी नाही.
पॉवर प्रेसनं नेली, अठ्ठ्याण्णव साली.
त्यामुळं गाठ मारताना दात लागतात:
दोऱ्याचे सहा वेढे, थुंकीचा ओलावा,
आणि सावकाश आवळणं.
कारखान्यात घाई शिकलो होतो.
हे इथं शिकलो.

त्या रविवारी केंदाळाच्या कडेला
बेडूक दोनदा उडाला, आणि तिसऱ्यांदा
पाण्यानं तोंड उघडलं.
मरळ. तीन किलो, कमी नाही
(अस्लमला चार सांगितली).
कयाक तिच्या मागं वळली,
नांगर उचलायचा राहून गेला,
आणि तिनं नेमका नांगराच्या दोरीला
फेरा घातला, मग दुसरा.
काठी वाकून पाण्याला टेकली,
डावी कड बुडायला लागली,
गार पाणी मांडीपर्यंत.
एक काहीतरी कापायचं होतं.
सुरी दातात, मी दोरी कापली.
नांगर गेला.
मग दोरा हातात हलका झाला,
तसा हलकेपणा मला ओळखीचा आहे,
बोट गेलं तेव्हाही आधी हलकंच वाटलं होतं.

गाठ मात्र सुटली नव्हती.
दोरा वर तुटला होता. रीतसर बघितलं मी.

पुढच्या रविवारी शिवरामची ट्यूब
प्रवाहात एका जागी उभी.
खाली ताणलेली दोरी, त्यानं ओढून दाखवली:
शेवाळ, चिखल, आणि लाल फुली.
"कुणाचं तर पडलं हुतं.
चांगलं हाय. सरकत न्हाई."
माझ्याकडे बघत नव्हता.
मीही केंदाळाकडे बघत म्हटलं,
"व्हय, वजनाला बरोबर दिसतंय."
त्यानं एक चिलापी माझ्या क्रेटमध्ये टाकली.

सोमवारी अस्लमला सांगितलं.
तेवीस वर्षं त्यानं साचे भरलेत,
फुल्या दुसऱ्यांनी मारल्यात.
चहा बशीत ओतत म्हणाला,
"म्हणजे पास झालं की."

आता दुसरं बघतोय माझ्यासाठी.
पाच-सहा किलोपर्यंत,
भोक असलेलं.